डांबर कोणत्या ताटात?

ला ब्रिया, १४ जानेवारी

व्हर्लिन,

रविवारी दुपारी तुमच्या मागच्या पायरीवर बसून आपण बूट घासायचो, आठवतं? मधे रॉकेलची वाटी, तुझ्या हातात तुझ्या बाबांच्या जुन्या बनियनची चिंधी, माझ्या हातात नारळाची शेंडी. सोमवारी सकाळी कॉन्व्हेंटच्या फाटकात सिस्टर बोनाव्हेंचर एकेकीला पाय उचलायला लावायची. तळव्याला डांबराचं काळं दिसलं की म्हणायची, "ला ब्रियाची दिसतेस. आमच्या फरशीला तुझं गाव दाखवायची गरज नाही." त्या रविवारी तू बूट घासता घासता म्हणालीस, "लिस्ट्रा, सगळं जग जमिनीवर चालतं, आपली जमीन मात्र आपल्यालाच चिकटून फिरायला येते." आपण इतक्या हसलो की वाटी कलंडली. बाकी काही घडलं नव्हतं. तुझी आई आतून ओरडली, आपण पायरी पुसली, संपलं.

तुझ्या वकिलांचं पत्र मिळालं. त्यात तुझं नाव 'आमच्या अशील' असं आहे. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं, कुठल्या तरी ओळीत तू सापडतेस का ते पाहायला. सापडली नाहीस. पत्र म्हणतं, माझं कुंपण तुझ्या अंगणात आलं आहे, ते मी किंवा माझ्या सांगण्यावरून कुणीतरी खांब उपटून सरकवलं आहे, माझं स्वयंपाकघर तुझ्या जमिनीवर उभं आहे, ते पाडावं. जूनमध्ये सान फर्नांडोच्या कोर्टात तारीख आहे म्हणे.

गेल्या पावसाळ्यात तू टोरांटोहून आलीस, कुंपणापाशी उभी राहिलीस आणि म्हणालीस, "हे इतकं जवळ कधी आलं गं?" मला वाटलं, गंमत करतेस. मग चर्चबाहेर सगळ्या बायकांसमोर म्हणालीस, "आयुष्यभर पोरांना मोजायला शिकवलं बाईंनी, स्वतःचं अंगण तेवढं मोजता आलं नाही." बायका हसल्या. मीसुद्धा हसले, कारण तुझ्या बोलण्यावर हसायची मला सवय आहे. घरी येईपर्यंत त्याचा अर्थ कळला नव्हता.

मी कुंपण सरकवलेलं नाही. हे वकिलांना नाही, तुला लिहिते आहे.

बाकी मी ठीक आहे. घर ठीक आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलाचा एक पाय बिघडला आहे, त्यावर अंडं ठेवलं की घरंगळत तुझ्या बाजूला जातं. खाली पुठ्ठा घातला आहे. चर्चमध्ये मी हल्ली मागच्या बाकावर बसते, तिथे वारा येतो.

तुझ्या घरात राहणाऱ्या भाच्याची, कर्टिसची, लेक केझिया यंदा माझ्या वर्गात आहे. भुवया अगदी तुझ्या. प्रश्न विचारायच्या आधी त्या तशाच वर जातात.

लिस्ट्रा


५ फेब्रुवारी

व्हर्लिन,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी लिहिते, कारण आज वर्गात जे झालं ते सांगायला दुसरं कोण आहे? शाळेतल्या नव्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणतील, "मिस पापोनेट, पुस्तकात आहे तेवढं शिकवा ना."

पदार्थांचं वर्गीकरण चालू आहे. पुस्तकात वीट, दुधाचा पेला आणि फुगा यांची चित्रं आहेत. मुलं पाठ करतात आणि विसरतात. मी आपली जुनी रीत काढली. आपली म्हणजे तुझीच, आपण दोघी इथे शिकवायचो तेव्हाची. एनॅमलची तीन ताटं, त्यांवर चिठ्ठ्या: स्थायू, द्रव, वायू. प्रत्येकाने घरातून एक वस्तू आणायची, हाताळायची, ओतायची, दाबायची आणि मगच ताट ठरवायचं. आधी बोट, मग तोंड, असं तू म्हणायचीस.

जबारीने पीठ आणलं आणि सरळ द्रवाच्या ताटात ओतलं. "तुम्हीच म्हणालात मिस, द्रव भांड्याचा आकार घेतो. वाडग्यात घातलं की वाडग्यासारखं होतं."

"मग त्यात पोहून दाखव की," शेनेल म्हणाली.

मी टेबलावर एका बाजूला पाणी ओतलं, दुसऱ्या बाजूला पीठ. पाणी पळालं ते थेट जबारीच्या चड्डीवर. पिठाचा ढीग तसाच उभा. "पाण्याचा ढीग पाहिलाय का रे कुणी?" भिंगातून त्याला पिठाचा एकेक कण दाखवला. तो पुटपुटला, "एवढुसा दगडच आहे हा," आणि त्याने स्वतःच्या हाताने पीठ उचलून दुसऱ्या ताटात नेलं. ते ताट बदलणं मला फार आवडतं, व्हर्लिन. उत्तर बरोबर येण्याहूनही जास्त.

शेनेलचं खोबरेल तेल फ्रिजमधून आलं तेव्हा पांढरा गोळा होतं. मधल्या सुट्टीत त्याचं पाणी झालं. "ताट बदललं मिस, पण तेल तेच," ती म्हणाली. मी तिला कुरवाळलंच असतं, पण हात तेलकट होते.

मग केझिया उठली. तिने फ्रॉकच्या खिशातून डांबराचा तुकडा काढला. वर्गात हशा पिकला. जिथे तळंच डांबराचं, त्या आपल्या गावात डांबर आणणं म्हणजे समुद्राला मीठ नेणं.

"स्थायू!" जबारी ओरडला. "डोक्यात घाला मिस, कळेल."

मी हातोडी दिली. सकाळचा गारवा होता. एका घावात तुकड्याच्या काचेसारख्या कपच्या उडाल्या. सगळे म्हणाले, स्थायू. पुस्तकही तेच म्हणतं, परीक्षेतही तेच लिहायचं असतं. मी कपच्या स्थायूच्या ताटात ठेवल्या.

केझियाच्या भुवया वर गेल्या. "मग आमचं कुंपण कसं चाललं, मिस?"

अख्ख्या गावाला माहीत आहे, तर मुलांना कसं नसेल?

"डॅडी म्हणतात, तुम्ही सरकवलं," ती म्हणाली. रागाने नाही. पिठाबद्दल बोलावं तसं. "पण मी रोज खिडकीतून बघते. तुम्ही कधी कुंपणाजवळ येतसुद्धा नाही."

मी कपाटातून चौथं ताट काढलं, त्यावर 'अजून पाहायचंय' अशी चिठ्ठी लावली आणि कपच्या उचलून त्यात ठेवल्या. मुलांना वाटलं, मिसनी मोठी युक्ती काढली. मला फक्त हात कुठेतरी गुंतवायचे होते.

लिस्ट्रा


११ मार्च

व्हर्लिन,

आज लिहिताना अक्षर वाकडं येईल, सांभाळून घे. रागाने नाही, आनंदाने.

आधी वाईट ते सांगते. कर्टिस शाळेत आला होता. वर्गाच्या दारातच उभा राहिला, टोपीसुद्धा काढली नाही.

"मिस पापोनेट, तुम्ही माझ्या पोरीला साक्षीदार करताय."

"कर्टिस, मी तिला विज्ञान शिकवते आहे. तुला वाचायला मीच शिकवलं होतं."

"हो ना मिस, म्हणूनच नोटीस वाचता आली."

वर्गातली मुलं खुदखुदली, आणि खरं सांगू, मलाही हसू आलं. बोलण्यात तो तुझ्यावर गेला आहे. पण त्याने केझियाचं दप्तर उचललं आणि तिला शेजारच्या वर्गात नेऊन बसवलं. हेडबाईंनी सही दिली. केझिया मागे वळून चौथ्या ताटाकडे बघत गेली.

आता चांगलं. त्या दिवसानंतर मी दोन गोष्टी केल्या होत्या. डांबराचा एक मोठा गोळा पत्र्याच्या नरसाळ्यात घालून खाली काचेची बरणी ठेवली आणि ते सगळं उन्हाच्या खिडकीत मांडलं. आणि शाळेमागच्या मैदानात मुलांकडून पेरूच्या काठ्या ठोकून घेतल्या, पाण्याच्या टाकीच्या पायापासून झेंड्याच्या खांबापर्यंत, सुतळी ताणून, एका रेषेत. कुणी हात लावायचा नाही, फक्त पाहायचं.

हातोडीने काचेसारखं फुटणारं ते डांबर नरसाळ्यात आधी गोल झालं, मग बसलं, मग त्याची जीभ नळीतून खाली लोंबू लागली. कुणी ढकललं नाही. फक्त ऊन आणि वेळ. जबारीने तर त्याला नावही ठेवलं आहे, आळशी आजोबा. रोज सकाळी येऊन विचारतो, "आजोबा उठले का?"

आणि काठ्या! मधल्या काठ्या सुतळी सोडून बाजूला सरकल्या आहेत, जेवलेल्या माणसाच्या पोटासारखी रेघ पुढे आली आहे. व्हर्लिन, कुणीही हात लावला नाही. सगळा वर्ग साक्षीदार आहे. तुझं आणि माझं कुंपण असंच गेलं. मी माझ्या वकिलांना सांगितलं, ते खूश झाले. आज चर्चमध्ये मी पुढच्या बाकावर बसणार आहे.

मला बाकी काही नको. कुंपण मी सरकवलं नाही, एवढंच तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. बायकांसमोर म्हणालीस तर उत्तम. फोनवर म्हणालीस तरी चालेल.

लिस्ट्रा


१९ एप्रिल

व्हर्लिन,

मागच्या पत्रातली फुशारकी तू वाचली असशील. वाचून फेकली असलीस तर बरंच केलंस.

ईस्टरच्या सुट्टीआधी मैदानात काठ्या पाहत उभी होते. शेजारच्या वर्गाची खिडकी तिकडे उघडते. केझिया तिच्यातून अर्धी बाहेर आली होती.

"मिस, टाकी कशावर उभी आहे?"

"काँक्रीटवर. आत जा, पडशील."

"आणि काँक्रीट?"

मी टाकीच्या पायाकडे पाहिलं.

"झेंड्याचा खांबही त्याच जमिनीत आहे ना? तीही चालत असेल तर सुतळी सरळ आहे असं कसं म्हणायचं? काठ्या कमी चालल्या की जास्त, हे कळणार कसं, मिस?"

तिच्या बाईंनी तिला आत ओढलं. मी तिथेच उभी राहिले. आजवर या गावात कितीतरी घरं वाकडी झाली, ओटे तडकले, दारं लागेनाशी झाली. दर वेळी आपण काय करतो? शेजाऱ्याच्या आंब्यापासून मोजतो, विहिरीपासून मोजतो, आजोबांनी ठोकलेल्या खुंटीपासून मोजतो. आंबाही निघालेला, विहीरही निघालेली, खुंटीही. सगळे मिळून चाललेले, आणि आपण एकमेकांकडे बोट दाखवून म्हणतो, तू हललीस. तूही तसंच मोजलंस, तुझ्या नीरफणसापासून. आणि मी त्याहून वेगळं काय केलं?

घरी गेले. टेबलाखालचा पुठ्ठा काढून पाहिला. टेबल ओट्याजवळ नेलं, मग दाराजवळ, मग मोरीजवळ. पाय चारही सारखे आहेत, व्हर्लिन. अंडं मात्र जिथे ठेवावं तिथून तुझ्याच बाजूला जातं. मागचं दार लागत नाही, हे मी तुला लिहिलं नव्हतं. पावसाळ्यापासून ते मी दोरीने बांधते. मोरीखाली जमिनीतून काळा फुगवटा वर आला आहे, त्यावर मी चटई टाकली आहे, कुणी आलं तर दिसू नये म्हणून. तसं कुणी येतही नाही.

मी स्वतः मोजणीसाठी अर्ज केला आहे. वकील चिडले आहेत. म्हणाले, "जिंकत आलेली केस, मॅडम, तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

मी म्हटलं, "दुसऱ्या वर्गातल्या एका मुलीने."

लिस्ट्रा


६ जून

व्हर्लिन,

मोजणीवाले श्री. रामसरन येऊन गेले. गावातला एकही दगड त्यांनी खूण म्हणून धरला नाही. वर टेकडीवर, जिथे लाल माती घट्ट आहे, तिथल्या जुन्या सरकारी खुणेपासून त्यांनी मोजत आणलं. दोन दिवस यंत्र घेऊन उतारावरून खाली येत होते, मागे गावातली अर्धी पोरं. संध्याकाळी माझ्या अंगणात टोपी काढून बसले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं कुंपण प्रामाणिक आहे. ते कुणी सरकवलेलं नाही. पण ते एकटं निघालेलं नाही. तुमचं घरही त्याच्याबरोबर निघालं आहे."

मग त्यांनी माझ्याच खडूने माझ्याच फरशीवर रेघ मारली. माझी पुढची खोली माझ्या जमिनीवर आहे. स्वयंपाकघर, मोरीपासून मागच्या दारापर्यंत सगळंच्या सगळं, तुझ्या जमिनीवर आहे. तुझ्या वकिलांनी लिहिलं होतं ते बरोबर होतं, व्हर्लिन. मी लिहिलं होतं तेही बरोबर होतं.

कर्टिस कुंपणापलीकडे हाताची घडी घालून उभा होता. रामसरन यंत्र घेऊन त्याच्याकडे गेले आणि तसेच पुढे चालत राहिले. तुझा पुढचा ओटा सरकारी रस्त्यात आहे. तुझं नीरफणसाचं झाडही.

कर्टिसने हाताची घडी सोडली. मग म्हणाला, "म्हणजे आम्हीही चोर का मिस?"

रामसरन म्हणाले, "चोर कुणीच नाही हो. सगळे डांबराचे भाडेकरू."

"भाडं तरी कमी घेतो का?" कर्टिस म्हणाला. मग हसला, टोपी काढली. तो नजर मात्र चुकवत होता. जाताना म्हणाला, "केझियाला सोमवारपासून तुमच्या वर्गात पाठवतो." त्याची ती माफी होती. मी घेतली.

माझे वकील खूश होऊन फोनवर आले. आता दोन्हीकडून जिंकता येईल म्हणाले. एक तर इतक्या वर्षांची वहिवाट आहे, स्वयंपाकघर कुणी पाडू शकत नाही. शिवाय तुझ्या ओट्याचं कोर्टाला सांगितलं की सरकार रस्ता मोकळा करायला येईल आणि तुला आपोआप माघार घ्यावी लागेल. "त्यांच्याच मापाने त्यांना मोजा," ते म्हणाले. रात्रभर ते वाक्य माझ्या कानात होतं. खरं विचारशील तर हो, एक क्षण गोड लागलं. चर्चबाहेरच्या त्या हसण्याची आठवण होऊन.

सोमवारी केझिया वर्गात आली. मुलांना सगळं माहीतच होतं. जबारीने विचारलं, "मिस, मग परीक्षेत डांबर कशात लिहायचं?" मी म्हटलं, परीक्षेत स्थायू लिहा, नाहीतर मार्क जातील. घरी गेल्यावर मात्र तो सावकाश वाहणारा द्रव आहे असं समजून राहा. केझियाने हात वर केला. "मिस, मग तुमचं स्वयंपाकघर कुणाचं?" सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, व्हर्लिन. वर्षभर मी त्यांना सांगत आले की वस्तू हाताळा, पाहा, आणि चुकीच्या ताटात असली तर स्वतःच्या हाताने उचलून योग्य ताटात ठेवा. कुणी रागावणार नाही. मी कोणत्या तोंडाने म्हणणार होते की मोठ्यांना हा नियम लागू नाही?

मी म्हटलं, "तुझ्या व्हर्लिन टँटीचं, डॅडींच्या मावशीचं."

तुझ्या वकिलांकडे कागद सही करून पाठवला आहे. त्यात दोनच गोष्टी आहेत: कुंपणाला कुणी हात लावला नाही, आणि स्वयंपाकघर व्हर्लिन मासेना यांच्या जमिनीवर आहे. तुझ्या ओट्याबद्दल माझ्याकडून कुठेही एक अक्षर जाणार नाही. माझ्या वकिलांना मी रजा दिली. तू ते वाक्य म्हणावंस असं मी मार्चमध्ये लिहिलं होतं. आता त्याची अट ठेवत नाही. अजून ऐकावंसं वाटतं, ते वेगळं.

जुलैमध्ये मी निवृत्त होते आहे. जाणार कुठेच नाही. तेव्हा आता कुणाला काय, ते सांगून ठेवते. ताटं शाळेची नाहीत, माझी आहेत. ती मी नव्या बाईंना देणार आहे, त्यांना नको असतील तर शेनेलच्या आईच्या दुकानात जातील, तिथे निदान रोज हाताळली जातील. नरसाळं खिडकीतच राहू द्यायचं, त्याला कुणी पुसायचं नाही. त्याची देखरेख जबारीकडे. मैदानातल्या काठ्या ज्या मुलांनी ठोकल्या त्यांच्या. भिंग केझियाला, पण वाढदिवसापर्यंत तिला सांगायचं नाही. कॉन्व्हेंटमध्ये मिळालेलं माझं प्रार्थनेचं पुस्तक कर्टिसला, वाचायला नाही, त्याच्या आईचा फोटो त्यात आहे म्हणून.

स्वयंपाकघर तुला. भिंती, मोरी, तडकलेला ओटा, बांधून ठेवलेलं मागचं दार, मोरीखालचा फुगवटा, सगळं. चूल माझ्या पैशाची आहे, पण ती तुझ्या घरात उभी आहे तेव्हा तिथेच राहू दे. शेल्फवरची भांडी मी काढून घेतली, मोठा खलबत्ता मात्र जड म्हणून ठेवला, तोही तुझाच समज. दोन्ही घरांमधल्या, म्हणजे माझी खोली आणि तुझं स्वयंपाकघर यांमधल्या, आतल्या दाराला मी माझ्या बाजूने कडी लावली आहे, आणि तुझ्या बाजूचं कुलूप लावून किल्ली केझियाकडे दिली आहे.

सध्या मी पुढच्या खोलीत छोट्या स्टोव्हवर कोकोचा चहा करते आणि नारळाची भाकरी शेजारून आणते. तुझ्या परवानगीशिवाय तुझ्या घरात चूल पेटवणार नाही. परवानगी द्यायची झाली, तर ती वकिलांकरवी पाठवू नकोस.

लिस्ट्रा